प्रेस्बिटेरियन शिक्षणसंस्था : नव्या सत्राच्या उंबरठ्यावर

जून महिन्यात पावसाच्या पहिल्या सरींबरोबर महाराष्ट्रातील शाळांची दारे पुन्हा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळेची पहिली घंटा आणखी काही दिवसांनी, महिन्याच्या अखेरीस वाजते. फळे रंगवले जातात, वसतिगृहांची डागडुजी होते, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि सेमिनऱ्यांमध्ये नवे उमेदवार ट्रंका घेऊन दाखल होतात. आपल्या कॅथलिक संस्थांची ही लगबग वाचकांच्या परिचयाची आहे. मात्र शेजारीच आपले प्रेस्बिटेरियन परंपरेतील बंधुभगिनीही हीच तयारी करीत असतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून या संस्थांची ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

नावाचा अर्थ आणि शिक्षणाची परंपरा

‘प्रेस्बुतेरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडील’ असा होतो. ज्या चर्चचा कारभार महागुरूंऐवजी पाळक व निवडून आलेले वडील यांच्या मंडळाकडे असतो, ते प्रेस्बिटेरियन चर्च होय. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांच्या विचारांतून ही परंपरा घडली आणि स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १५६० साली ती स्थिरावली. त्याच वर्षी नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चच्या शिस्तीचा जो आराखडा तयार केला, त्यात प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी आणि गरिबांच्या हुशार मुलांना पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळावे, अशी सूचना होती. पैशाअभावी ती लगेच अमलात आली नाही. परंतु १६९६ साली स्कॉटलंडच्या संसदेने धर्मग्रामागणिक शाळेचा कायदा केला. चर्चच्या शेजारी शाळा हे चित्र मनात घेऊनच स्कॉटिश मिशनरी पुढे भारतात आले.

मुंबई : रिकाम्या बाकांची परीक्षा

जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईत उतरले. आरंभीचे काही महिने कोकणात राहून दोघांनी मराठीचा अभ्यास केला. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. मुलीला अक्षर शिकविणे हेच ज्या काळी धाडस मानले जात होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १८३५ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या बहिणींनी मुंबईत येऊन ते कार्य चालू ठेवले. आजची सेंट कोलंबा शाळा याच कार्याचा वारसा सांगते. विल्सन महाविद्यालय आपला प्रारंभ १८३२ सालच्या इंग्रजी शाळेपासून मानते. गिरगाव चौपाटीसमोरील त्याची गॉथिक शैलीतील इमारत १८८९ सालची आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि माजी पंतप्रधान मोरारजी देसाई या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

हा प्रवास मात्र सरळ झाला नाही. १८३९ साली शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने तरुणाला स्वतःच्या इच्छेनुसार वागण्याची मोकळीक दिली, तरी पुष्कळ पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहावयास गेला, तेव्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. श्रीपत अल्पवयीन असल्याने तो वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर शहरात वाद माजला. त्याला परत घेण्याच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले.

या घटनांकडे आज आम्ही दोन्ही बाजूंनी पाहू इच्छितो. मुलाची सद्सद्विवेकबुद्धी मोलाची आहे. त्याचबरोबर आईवडिलांनी विश्वासाने शाळेत पाठविलेले मूल ही ठेव आहे, हेही तितकेच खरे. शाळेने ज्ञान द्यावे की धर्मांतर घडवावे, या प्रश्नाचे उत्तर त्या पिढीला रिकाम्या बाकांसमोर उभे राहून शोधावे लागले. पुढे विद्यार्थी परत आले आणि संस्था वाढली. कारण शिक्षकांच्या तळमळीविषयी शहराला शंका उरली नाही.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. मुंबई व कोलकाता येथील मिशनरी नव्या ‘फ्री चर्च’कडे गेले आणि त्यांना जुन्या इमारती सोडून वर्गांसाठी नव्या जागा शोधाव्या लागल्या. इमारत गेली तरी शाळा टिकते, हा धडा त्या सत्राने दिला.

पुणे, नागपूर व कोल्हापूर

पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत १८४१ साली एका माळी कुटुंबातील चौदा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याचे शिक्षण मध्येच थांबले होते. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांचे मन वळविले, म्हणून तो पुन्हा शिकू लागला. १८४७ साली त्याने तेथील शिक्षण पूर्ण केले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. तो मुलगा म्हणजे महात्मा जोतीराव फुले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. आपली वाट आपणच काढली. शाळेचे यश कशाने मोजावे, याचे उत्तर आम्हांला या उदाहरणात दिसते.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. भूगर्भशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. ‘हिस्लोपाइट’ हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. सोबतची मंडळी पुढे निघाली, पण हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. रात्री एकटेच घोड्यावरून परतत असता पुराने फुगलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. एका खेड्यातील मुलांची परीक्षा घेणे हे त्यांचे अखेरचे काम ठरले. १८८३ साली सुरू झालेले नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहे.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली पोहोचले आणि त्यांनी शाळांवर भर दिला. त्यांना पाठविणाऱ्या मंडळाच्या धोरणात मात्र उपदेशाला अग्रस्थान होते. शाळांचा हा प्रश्न मतभेदाचा विषय ठरला. वाइल्डर यांनी काही वर्षे स्वतंत्रपणे कार्य चालविले. १८७० साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चच्या छत्राखाली आले.

महाराष्ट्राबाहेर कोलकात्यात अलेक्झांडर डफ यांनी राजा राममोहन रॉय यांच्या साहाय्याने १३ जुलै १८३० रोजी शाळा उघडली. तीच आजच्या स्कॉटिश चर्च महाविद्यालयाची सुरुवात होय. १८३७ साली चेन्नईत सुरू झालेल्या शाळेतून मद्रास ख्रिश्चन महाविद्यालय उभे राहिले. मेघालयात वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनरी थॉमस जोन्स यांनी १८४१ पासून खासी भाषेला रोमन लिपी दिली आणि शाळा काढल्या.

सेमिनऱ्यांची तयारी

पाळक विद्वान असावा, हा प्रेस्बिटेरियन परंपरेचा आग्रह आहे. पवित्र शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून वाचता यावे, अशी तिची अपेक्षा असते. उमेदवार प्रथम आपल्या स्थानिक मंडळीत पारखला जातो. मग अनेक मंडळ्यांची मिळून बनलेली प्रेस्बिटरी त्याची चौकशी करते आणि शिक्षणाच्या काळात त्याच्यावर देखरेख ठेवते. म्हणजे सेमिनरीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या गावाने त्याची हमी घेतलेली असते. आपल्याकडे धर्मगुरुपदासाठी येणाऱ्या मुलाची शिफारस धर्मग्रामाचे फादर करतात, त्याच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे.

ईशान्य भारतात चेरा येथे १८८७ साली आणि ऐजॉल येथे १९०७ साली असे प्रशिक्षण सुरू झाले. बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून अनेक चर्चच्या सहकार्याने चालते. अशा बहुतेक संस्था सेरामपूरच्या पदव्यांचा अभ्यासक्रम शिकवितात.

नावे बदलली, काम राहिले

महाराष्ट्रात ‘प्रेस्बिटेरियन’ ही पाटी आता क्वचित दिसते. १९२४ साली उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ईशान्येत प्रेस्बिटेरियन चर्च स्वतःच्या नावाने कार्यरत आहे. मिझोरममध्ये त्याचे स्थान विशेष मोठे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी आणि १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी दस्तऐवज प्रसिद्ध केले. ते दोन्ही हातांत घेतले, तर या शाळा आपल्याला स्पर्धक वाटण्याचे कारण नाही.

या सत्राचा खरा प्रश्न

भारतीय राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी धाडला.

निकाल काहीही लागो, आमच्या मते प्रश्न न्यायालयापाशी संपत नाही. शुल्क वाढते, इमारती जुन्या होतात आणि नव्या अभ्यासक्रमांसाठी शिक्षक नेमावे लागतात. पैसा लागतोच, हे कोणी नाकारणार नाही. पण नॉक्स यांच्या आराखड्यात गरिबाच्या मुलाला जागा होती आणि जोतीरावांना त्यांच्या वडिलांच्या नकारानंतरही पुण्यातील शाळेचे दार उघडे सापडले. आज प्रवेशयादी लावताना, कायद्याची सूट घेऊन आपण कोणाला बाहेर ठेवतो आहोत, याचा विचार प्रेस्बिटेरियन वारशाच्या संस्थांनी करावा आणि तितक्याच प्रामाणिकपणे आपल्या कॅथलिक संस्थांनीही करावा. सक्ती नसताना राखलेली जागा हीच ख्रिस्ती शाळेची ओळख ठरेल.

नव्या सत्रात पहिल्यांदा वर्गात बसणारी बालके, वसतिगृहात आईच्या आठवणीने रडणारी मुले, सेमिनरीत हिब्रू अक्षरे गिरविणारे उमेदवार आणि त्यांच्यासाठी झटणारे शिक्षक, मग ते कोणत्याही चर्चचे असोत, या सर्वांना आम्ही प्रभूच्या चरणी सोपवितो आणि नव्या सत्रासाठी मनःपूर्वक शुभेच्छा देतो.