मिरजेच्या गाण्याला जाताना कुंडलला उतरा

पुण्यामुंबईहून मिरजेला गाणं ऐकायला जाणारे आपल्यात बरेच जण आहेत. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात जी संगीत सभा होते, तिला मीही जातो. तिकीट नाही, पास नाही. जागा मिळेल तिथं मांडी घालून बसायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे, त्यामुळं भले भले गायक तिथं पैशासाठी नाही, हजेरी लावायला म्हणून येतात.

पण आजची पोस्ट गाण्यापेक्षा वाटेबद्दल आहे. कराड सुटल्यापासून मिरज येईपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना जबरदस्त इतिहास पडलेला आहे आणि आपण खिडकीतून ऊस बघत तो मागं टाकतो. म्हणून मी आता लवकरची गाडी धरतो, किर्लोस्करवाडीला उतरतो, दिवस कुंडलमध्ये काढतो आणि संध्याकाळी मिरज गाठतो.

कुंडल समजून घ्यायचं तर आधी जुना नकाशा डोळ्यांपुढं आणावा लागतो. स्वातंत्र्याआधी हा भाग एका जिल्ह्याचा नव्हताच. इंग्रजांचा सातारा जिल्हा, औंध संस्थान, सांगली संस्थान, थोरली मिरज, धाकटी मिरज, असे तुकडे एकमेकांत अडकलेले होते. औंध तर जेमतेम ७२ गावांचं, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. शेजारच्या शिवारात पाय टाकला की राज्य बदलायचं, पोलीस बदलायचे.

या तुकड्यांमुळं काय काय घडलं बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली आपली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन त्यांना दिली. निवडुंग आणि सापांचा माळ होता तो. १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर तयार व्हायला लागले आणि पुढं स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

याच राजांनी १९३८ मध्ये आणखी मोठी गोष्ट केली. स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. राजपुत्र अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या सल्लामसलतीतून राज्यघटना तयार झाली आणि १९३९ पासून लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि त्यावर विधिमंडळ. राजा उरला तो प्रजेचा पहिला सेवक म्हणून. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती!

मग आलं बेचाळीस. सातारा जिल्ह्यात तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर बरीच मंडळी भूमिगत झाली. १९४३ पासून येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालू झालं आणि त्याचा एक मोठा आधार होता कुंडल. इथलेच जी. डी. बापू लाड, इथलेच कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड. तूफान सेनेचं मूळही इथलंच. कुंडलच का? माणसं जिगरबाज होती हे खरंच, पण गाव औंध संस्थानात होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. इंग्रजांच्या पोलिसांना तिथं मनाला येईल तेव्हा घुसता येत नव्हतं आणि औंधचा राजा भूमिगतांच्या मागं हात धुवून लागणारा नव्हता.

७ जून १९४३ ला याच रेल्वेमार्गावर, शेणोलीजवळ, तूफान सेनेनं पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. आपली गाडी शेणोलीवरून जाते तेव्हा डब्यातले निम्मे लोक झोपलेले असतात.

प्रतिसरकार म्हटलं की लोकांना फक्त पत्री आठवते. तळपायावर मारायची ती शिक्षा भयंकरच होती, तिचं कौतुक मी करणार नाही. चळवळीच्या नावावर कुणी कुणी स्वतःचे हिशेब चुकते केले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढंच सांगणं म्हणजे निम्मं सांगणं. गावोगावी न्यायदान मंडळं होती. सावकाराच्या घशात गेलेल्या जमिनीचे, बांधाच्या भांडणांचे निवाडे कोर्टाची पायरी न चढता व्हायचे. दारूबंदी होती. हुंडा आणि कर्ज टाळणारी, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्नं लागायची. हे सगळं डोक्यावर इंग्रज सरकार असताना, जवळजवळ तीन वर्षं.

माझं मत असं की हे आभाळातून पडलं नाही. ज्या गावानं १९३९ पासून स्वतःची पंचायत चालवून बघितली होती, त्याला १९४३ मध्ये ‘कारभार आपला आपण करू’ हे वाक्य नवं नव्हतं.

आता गाण्याकडं. मिरजेला गाणं कुठून आलं? तेही या तुकड्यांतूनच. पटवर्धनांच्या आश्रयानं हत्यारं बनवणारे शिकलगार तंबोरे आणि सतारी बनवायला लागले. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, आणि कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्याकडं शिकून पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढता झाला. त्याचं आडनाव पलुसकर. ते पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचंच. खाँसाहेब तर कैरान्याचे, दिल्लीच्याही पलीकडचे, पण त्यांनी घर केलं मिरजेत. १९३७ मध्ये मद्रासजवळ सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला आणि त्यांना आणलं ते मिरजेलाच.

८ मार्च १९४८ ला ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. पुढं दक्षिण सातारा झाला, मग सांगली जिल्हा. नकाशा सरळ झाला, चांगलंच झालं. पण त्याबरोबर गावांनी स्वतः केलेल्या कारभाराची आठवणही पुसली गेली. जी. डी. बापू २०११ मध्ये गेले, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही राहिलेली नाहीत.

आणि वर्तमान काय? गेल्या काही वर्षांत राज्यातल्या कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा निवडणुकीशिवाय, प्रशासकांच्या हाती चालल्या. रस्ता कुणाला विचारायचा, पाणी कुणाला विचारायचं, लोकांना कळेना. तरी फारशी कुणाची झोप उडाली नाही. ज्या मातीत गोळ्या अंगावर घेऊन लोकांनी गावाचा कारभार ताब्यात घेतला, तिथं आपण निवडून दिलेला माणूस नसताना वर्षानुवर्षं काढतो आणि त्याचं काही वाटत नाही, हे मला फार खुपतं.

तेव्हा पुढच्या खेपेला एक गाडी आधीची धरा. कुंडलमध्ये पारावर बसा, डोंगरावरच्या पार्श्वनाथाचं दर्शन घ्या, एखाद्या म्हाताऱ्या आजींना विचारा की भूमिगतांच्या भाकरी कुणाच्या चुलीवर भाजल्या जायच्या. त्या बायकांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत. कुंडल, वाळवा, पलूस, तासगावकडची जी मंडळी हे वाचताय, त्यांनी घरातलं ऐकलेलं खाली कमेंटमध्ये जरूर लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, पण नावासकट लिहा.