उपसलेल्या धाग्यांची दौलत

इटलीतील सुखवस्तू घराण्यांत कन्येचा विवाह ठरला म्हणजे हुंड्याच्या रकमेबरोबर तिच्या कापडचोपडाची यादही नोटरीच्या दप्तरी रीतसर दाखल होई. आणि तीत चादरी, अभ्रे, मेजावरची वस्त्रे व हात पुसावयाचे लांबट रुमाल यांना जे मोल मिळे, ते जवसाच्या तलम सुताइतकेच त्यावरील सुईकामाचेही असे. या सुईकामाचा आरंभ मात्र वस्त्रावर काही चढविण्याने नव्हे, तर त्यातून काही काढून घेण्याने होई: कापडाचे धागे मोजून त्यांतील ठरावीक आडवे धागे सुईच्या अग्राने उपसावयाचे, उरलेल्या उभ्या धाग्यांच्या जुड्या टाक्याने आवळावयाच्या, आणि काठाशी नाजूक गवाक्षांची ओळ उभी करावयाची. काठाबाहेरच्या दशांचे मूळही अशाच काटकसरीत आहे. ताण्याची जी टोके मागावर विणता येत नाहीत, ती कापून न टाकता जिनोआ व कियाव्हारी येथील स्त्रियांनी त्यांना गाठीवर गाठ देत मॅक्रमेची रुंद झालर सिद्ध केली.

सोळाव्या शतकात ही कला अधिक धीट झाली. उभे-आडवे दोन्ही धागे उपसून उरलेल्या विरळ चौकटीवर काजटाक्याने तारका व चक्रे रेखणाऱ्या रेतिचेल्ला कामाचे नमुने व्हेनिसच्या फेदेरिको दे व्हिंचोलोने 1587 साली पॅरिसमध्ये, तर तिशियनचा आप्त चेझारे व्हेचेल्लिओ याने 1591 साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केले. पुढे आधाराचे कापडही नकोसे होऊन, चर्मपत्रावर आखलेल्या आकृतीवरून निव्वळ सुताची लेस होऊ लागली, आणि ती दरबारी गळपट्ट्यांवर जाऊन बसली. परंतु राजाश्रयाबरोबर राजकारणही आले: व्हेनिसच्या लेसपायी परदेशी जाणारा पैसा रोखण्यासाठी 1665 साली फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने सरकारी आश्रयाने लेसचे कारखाने काढले, आणि व्हेनिसचा व्यापार खचत गेला.

घरगुती रुमालाला कोणा मंत्र्याचा आश्रय नव्हता, म्हणून कोणा मंत्र्याच्या फर्मानाने त्याचा घातही झाला नाही. आईकडून लेकीकडे तो वारसा चालतच राहिला. 1898 साली बोलोन्यात स्थापन झालेल्या ‘एमिलिया आर्स’ संस्थेने जुन्या नमुनापुस्तकांच्या आधारे सुईच्या लेसला नवजीवन दिले, आणि 1904 साली जन्माने अमेरिकन असलेल्या मार्केझा रोमेन रॉबर्ट रानिएरी दि सोर्बेल्लो यांनी उंब्रियात भरतकामाची शाळा काढली, तेव्हा एवढाच फरक पडला, पण तो लहान नव्हता, की आजवर आपल्या पेटीपुरते टाके घालणाऱ्या शेतकरी स्त्रीला त्याच टाक्यांचा मोबदला रोख मिळू लागला.