खंडमेरू : देवगिरीच्या हिशेबनिसाचे कोष्टक

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक स्वर म्हणजे एक नोंद. स्वर कोणता, किती मात्रांचा, पानावर कुठे बसणार आणि कितवा, हे सगळे त्या नोंदीत येते. आता ‘कितवा’ लिहायला सोळा बिटांचा कप्पा दिला आणि त्यात ऋण संख्यांनाही जागा ठेवली, तर मोजणी ३२,७६७ वर थांबते. एका बंदिशीला ही मर्यादा कधी जाणवणार नाही. पण सा ते नि या सात स्वरांच्या सगळ्या मांडण्या लिहायला बसलो, तर त्या होतात ५,०४०. प्रत्येकीत सात स्वर, म्हणजे ३५,२८० नोंदी. कप्पा भरून वर अडीच हजार स्वर बाहेर उरले! कप्पा मोठा केला तरी दुसरी अडचण राहतेच. आरंभीच्या एखाद्या स्वराची लांबी बदलली की पुढची आवर्तने सरकतात, ओळी मोडतात, पाने नव्याने आखावी लागतात. लेखन जितके लांब, तितके हे काम वाढत जाते.

एवढा मोठा स्वरसंग्रह सांभाळायचा कसा, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, आज आपण दौलताबाद म्हणतो त्या देवगिरीत, तेराव्या शतकात एका माणसाने सोडवला होता. किल्ला पाहायला जाणाऱ्यांना चांद मिनार दाखवतात, मेंढा तोफ दाखवतात, अंधारी वाट दाखवतात. शार्ङ्गदेवाचे नावही तितक्याच आवर्जून सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या पदरी होते. राजा सिंघण याच्या कारकिर्दीत (सुमारे १२१० ते १२४७) शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचा हुद्दा होता श्रीकरणाग्रणी, म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराचा प्रमुख. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तानांची मोजदाद आहे, आणि ती आकड्यांत मुरलेल्या माणसाची आहे.

स्वरांचा सरळ क्रम मोडून जी मांडणी होते ती कूटतान. सात स्वरांच्या ५,०४० मांडण्या. दोन ग्रामांच्या, म्हणजे मूळ स्वरसप्तकांच्या, चौदा मूर्च्छना (एकेका स्वरापासून सुरू होणारे क्रम), प्रत्येकीचे चार प्रकार, म्हणून ५६ मूर्च्छना. गुणाकार केला की २,८२,२४०. त्यातला प्रत्येक स्वर लिहून काढायचा तर एकोणीस लाखांहून अधिक स्वर. ताडपत्रांवर हे कुणी लिहावे, आणि लिहिले तरी हवी ती तान त्यात कुणी शोधावी? शार्ङ्गदेवाने ताना साठवल्याच नाहीत. त्याने दिले एक कोष्टक, खंडमेरू.

सात उभे स्तंभ. वरच्या ओळीत पहिल्या घरात १, बाकी घरांत शून्य. दुसरी ओळ दुसऱ्या स्तंभापासून सुरू होते : १, २, ६, २४, १२०, ७२०. पुढे प्रत्येक स्तंभात त्याच आकड्याच्या पटी खाली उतरतात. सातव्या स्तंभात ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०. तळाची घरे मिळवा : १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४३२० = ५,०४०. एकही तान सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

या घरांवर खडे मांडून दोन प्रश्न सोडवता येतात. क्रमांक दिला असता तान काढणे हे ‘नष्ट’. तान दिली असता क्रमांक सांगणे हे ‘उद्दिष्ट’. हजारावी तान कोणती? प्रत्येक स्तंभातले एकेक घर निवडून बेरीज हजार झाली पाहिजे : ७२० + २४० + २४ + १२ + २ + १ + १. सातव्या स्तंभात ७२० हे शून्याखालचे पहिले घर. म्हणून शेवटून एक पायरी मागे या, नि सोडून ध घ्या. तानेचा शेवटचा स्वर ध. उरलेल्या सहांत २४० साठी दोन पायऱ्या मागे, म. असे उजवीकडून डावीकडे येत गेले की तान हाती लागते : नि सा ग रे प म ध. आधीच्या ९९९ तानांना हातही लावावा लागला नाही.

प्रस्तार (सगळ्या मांडण्या क्रमाने लिहिणे), नष्ट, उद्दिष्ट ही रीत आली पिंगलाच्या छंदःशास्त्रातून. तिथे ती लघु-गुरूंसाठी होती. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त या गणिताचा मोठा विस्तार झाला. संगणकशास्त्रात आज मांडणीला क्रमांक देण्याची हीच युक्ती लेमर या अमेरिकी गणितज्ञाच्या नावाने शिकवतात. गवयांच्या तोंडी खंडमेरूचे मेरुखंड झाले, आणि मुंबईचे भेंडीबाजार घराणे व उस्ताद अमीर खाँ यांच्या आलापीत ते कानांनी ऐकता येते.

रत्नाकराचा आणखी एक वारसा : मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीत हीच दोन चिन्हे आहेत. भातखंड्यांनी मात्र तार स्वराला वर आणि मंद्र स्वराला खाली बिंदू दिला.

खंडमेरूलाही मर्यादा आहे. मींड, गमक, कणस्वर त्यात नाहीत, आणि कुठली तान कुठल्या रागात चालेल हे तो सांगत नाही. ती निवड गायकाचीच. पण जे नियमाने निर्माण होते ते साठवू नये, लागेल तेव्हा काढावे, हे तत्त्व त्यात स्वच्छ आहे. आपले पलटे आणि अलंकार आज सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर टंकून भरले जातात. भारतीय स्वरलेखनाची साधने घडवणाऱ्यांनी रत्नाकराचा पहिला अध्याय जरूर वाचावा. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो ग्रंथ १८९६-९७ मध्येच छापला आहे.