सरासरी स्वारासाठी घडलेली सायकल : माउंटन बाइकच्या सस्पेन्शनची गोष्ट

१/ डोंगरवाटांवरची सायकल घेतल्यावर काही महिन्यांतच अनेकांना एक प्रश्न पडतो : कारखान्यातून आलेले सस्पेन्शन आहे तसेच ठेवावे, की जाणकाराकडून आपल्या वजनाला आणि वाटेला अनुरूप असे खास ट्यून करून घ्यावे? प्रश्न यंत्राचा दिसतो. त्याचे उत्तर मात्र बरेचसे इतिहासात आहे. त्यासाठी हा #थ्रेड.

२/ २१ ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका तीव्र उतारावर काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या सायकलींची शर्यत लावली. उलटे पॅडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून जाई. तळाशी पोहोचल्यावर हब नव्याने भरावा लागे. त्यावरून शर्यतीला नाव पडले ‘रीपॅक’.

३/ या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. धक्के सोसायचे ते टायरांनी, कोपरांनी आणि गुडघ्यांनी. याच मंडळींतील जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये अशा वाटांसाठी खास फ्रेम घडवली. ती पहिली ‘ब्रीझर’ आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : घडवणारा स्वतः स्वार होता, आणि ज्यांच्यासाठी घडवायचे त्यांना तो नावानिशी ओळखत होता.

४/ ही ओळख लवकरच पुसट झाली. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आणली आणि माउंटन बाइक हजारोंच्या आवाक्यात आली. मात्र हजारोंसाठी बनवायचे म्हणजे कोणा एकाचे माप घेता येत नाही. कारखान्याला एक ‘सरासरी स्वार’ कल्पावा लागतो.

५/ सस्पेन्शन आले ते मोटोक्रॉसमधून. होंडाच्या मोटोक्रॉस संघासाठी मेकॅनिक म्हणून काम केलेले पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांच्या ‘रॉकशॉक्स’ने १९८९ मध्ये ‘आरएस-१’ हा फोर्क आणला. आत हवेची स्प्रिंग आणि तेलाचे डॅम्पिंग. चाकाला वर-खाली होण्यास मिळणारे अंतर ५० मिलिमीटरपेक्षाही कमी. पण दगडधोंड्यांवर हात शाबूत ठेवायला तेवढे पुष्कळ होते.

६/ १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड रॉकशॉक्सचा फोर्क लावून जिंकले, आणि संशय घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. महिलांच्या क्रॉस-कंट्रीत विजयी झाल्या जूली फर्टाडो. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

७/ त्याच काळात डग ब्रॅडबरी यांच्या ‘मॅनिटू’ फोर्कने वेगळा मार्ग धरला. तेल नाही, हवा नाही. आत रबरासारख्या इलास्टोमरचे तुकडे. स्वार जड असेल तर कडक तुकडे, हलका असेल तर मऊ. थंडीत ते आखडत, हा दोष खराच. पण आपल्या शरीराप्रमाणे सस्पेन्शन बदलण्याची सोय घरच्या घरी होती.

८/ आता थोडे यंत्राच्या पोटात शिरू. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. त्या उसळीला आवर घालते ते डॅम्पिंग : पिस्टनच्या छिद्रांतून तेल ढकलले जाते, आणि छिद्रांवर रचलेल्या पातळ पोलादी चकत्या, म्हणजे ‘शिम’, वाकून त्याला वाट देतात. चकत्या किती सहज वाकतात, यावर सस्पेन्शनचा स्वभाव ठरतो.

९/ चकतीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ०.१० मिमीऐवजी ०.१५ मिमीची चकती घातली, तर ताठपणा सुमारे ३.४ पट होतो. केसाच्या जाडीएवढा फरक, आणि सायकल बदलून जाते. खास ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः या चकत्यांची रचना बदलणे.

१०/ मग बाहेरचे नॉब कशासाठी? कारखान्याने आखलेल्या मर्यादेत फेरफार करण्यासाठी. हलक्या स्वाराने हवा कमी भरली की स्प्रिंगचा जोर घटतो, पण तेलाचा अवरोध सरासरी स्वाराच्या हिशेबाचाच राहतो. रिबाउंडचा नॉब पूर्ण मोकळा केला तरी फोर्क सावकाश वर येतो, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत खालीच दबून राहतो. जड स्वाराची तक्रार नेमकी उलटी : नॉब पूर्ण आवळला तरी उसळी आवरत नाही.

११/ येथे जूली फर्टाडो परत येतात. सांताक्रूझ कंपनीने त्यांच्या नावावरून ‘जुलियाना’ ही स्त्रियांसाठीची मालिका काढली. पुढे तिच्यातील फ्रेमा मूळ सांताक्रूझच्याच राहिल्या. शॉकचे ट्यूनिंग मात्र हलक्या वजनासाठी सौम्य केले गेले. वरवर तटस्थ दिसणाऱ्या मापातही कोणाचे तरी शरीर गृहीत धरलेले असते, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

१२/ मोटोक्रॉसमध्ये ही समज जुनी होती. स्वाराप्रमाणे चकत्या बदलणे तेथे नेहमीचे काम. १९७६ मध्ये केंथ ओलिन यांनी स्वीडनमध्ये स्थापलेली ‘ओलिन्स’ याच परंपरेत वाढली. सायकलींच्या जगात ते काम कोलोरॅडोच्या ‘पुश इंडस्ट्रीज’सारख्या कार्यशाळांनी रुजवले. घडवणाऱ्याने स्वाराला विचारावे, ही रीपॅकच्या काळातली रीत अशी वेगळ्या दाराने परतली.

१३/ मग निर्णय कसा करावा? आधी घरचे पाहावे. स्वार बसल्यावर फोर्क साधारण १५ ते २० टक्के आणि मागचा शॉक २५ ते ३० टक्के दबतो का, हे मोजावे. शेवटची सर्व्हिस कधी झाली, तेही आठवावे. फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलावे लागते. जुन्या तेलाचा दोष ट्यूनिंगच्या माथी मारू नये.

१४/ हे करूनही नॉब मध्यावर कोठेतरी समाधान देत असेल, तर कारखान्याची सरासरी आपल्याला मानवली असे समजावे आणि पैसे वाचवावेत. नॉब टोकाला जाऊन थांबला आणि तक्रार मात्र उरली, तर ट्यूनिंगचा खर्च सार्थ आहे. तेव्हा कारागिराला साहित्यासह आपले वजन, फ्रेमचे मॉडेल, वाटांचे स्वरूप आणि नेमकी तक्रार सांगावी. ‘मस्त करून द्या’ एवढ्यावर काहीच करता येत नाही.

१५/ एक सावधगिरी : मागच्या शॉकचे ट्यूनिंग त्या फ्रेमशी आणि त्या स्वाराशी बांधलेले असते. फ्रेम बदलली की हिशेब नव्याने मांडावा लागतो. वर्षभरात सायकल विकायची असेल, तर थांबणेच शहाणपणाचे.

१६/ अतिशय हलक्या आणि अतिशय जड स्वारांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळत आला : ‘सवय होईल.’ सवय लावून घेण्यापूर्वी नॉब एकदा पाहावा. तुमचा रिबाउंड मध्यावर आहे की टोकाला? वजनासह खाली जरूर लिहा.