वर्षावास कुणासाठी?

आपल्या कार्यकर्त्यांत 'ध्यानशिबिर' हा शब्द निघाला की लगेच दोन तट पडतात. एक गट म्हणतो, दहा दिवस डोळं मिटून बसायला वेळ कुणाकडं आहे? वस्तीत पाणी नाही, गायरानाच्या केसला तारखेवर तारीख पडतेय, पोरांची स्कॉलरशिप अडकलीय. दुसरा गट शिबिराहून परत येतो आणि मोर्चाचं नाव काढलं की नुसता हसतो. मन शांत केलं की झालं, म्हणतो. माझी दोन्ही गटांत उठबस आहे, आणि दोघांशीही माझं भांडण आहे. कारण दोघंही वर्षावासाचा इतिहास न बघताच बोलतात. तो इतिहास आपल्या कोल्हापूरच्या डोंगरात कोरलेला आहे. तेवढा डोंगर चढून गेलं पाहिजे.

सुरुवात विनयपिटकापासून करू. भगवान बुद्धाचे भिक्खू एका जागी राहणारे नव्हते. गावोगाव चालत जाणं हेच त्यांचं काम. पावसाळ्यातही ते चालत राहिले तेव्हा लोक कुरकुरले. हे श्रमण हिरवं गवत, कोवळी पिकं तुडवत जातात, बारीकसारीक जीव मारतात; पाखरंसुद्धा पावसात घरटं धरून बसतात आणि ह्यांचं काय चाललंय? आपल्याकडं भाताच्या रोपात कुणी पाय घातला तर काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. बुद्धानं ती तक्रार ऐकली आणि नियम केला. पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहायचं.

म्हणजे वर्षावासाचा उगम कुणाच्या समाधीच्या हौसेत नाही. लोकांची तक्रार आली, संघानं ती मानली आणि त्यातून ही प्रथा पडली. आणि नियमाला दार ठेवलेलं आहे. भिक्खू आजारी आहे, भिक्खुणी आजारी आहे, आईबाप आजारी आहेत, उपासकानं धम्मासाठी बोलावलंय, तर सात दिवसांसाठी वर्षावास सोडून जायची मुभा आहे. काम करून सात दिवसांच्या आत परत यायचं. जो म्हणतो, 'मी साधनेत आहे, मला बाहेरचं काही सांगू नका', त्यानं हे कलम वाचावं. आणि जो म्हणतो, 'बसणं म्हणजे पळून जाणं', त्यानंही वाचावं.

आता कोल्हापूर. जोतिबाच्या डोंगराजवळ पन्हाळा तालुक्यात पोहाळे गाव आहे. सरकारी दप्तरात त्याचं नाव 'पोहाळे तर्फ आळते'. तिथं कातळात कोरलेला विहार आहे. खांब आहेत, भिंतीत भिक्खूंच्या खोल्या आहेत. एक माणूस आडवा होईल, मांडी घालून बसेल, एवढीच जागा. चैत्रात जोतिबाला लाखो माणसं जातात. पोहाळ्याकडं वळणारी थोडी. आपलीही थोडीच.

खुद्द कोल्हापूर शहरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपाचे अवशेष सापडले. त्यात धातूकरंडक होता आणि त्यावर जुन्या ब्राह्मी अक्षरांत दोन नावं होती. दान देणाऱ्याचं नाव बम्ह, आणि ज्यानं ते घडवलं त्याचं नाव धम्मगुत. दात्याचं नाव तर कुठंही कोरतात. इथं घडवणाऱ्याचंही कोरलं आहे. ज्यांच्या हातांनी देवळं, वाडे, धरणं उभी राहिली आणि ज्यांचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नाही, त्यांच्या वंशजांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कोकणातल्या कुडा इथल्या लेण्यात कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. कार्ल्याच्या लेण्यात सुताराचं नाव आहे, गंध विकणाऱ्याचं आहे, यवनांची आहेत, भिक्खुणीचं आहे. राजे, सावकार होतेच. पण त्यांच्या बरोबरीनं कारागिराचं नाव त्याच दगडावर आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यातला एक लेख तर सरळ हिशोबाचा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुणाकडं? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडं. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक दरानं. म्हणजे वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. मुद्दलाला हात लावायचा नाही. आणि खर्च असा लिहिलाय: या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवराच्या कापडासाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब चोख.

ह्याच उषवदातानं ब्राह्मणांना गायी आणि गावं दिल्याचंही कोरून ठेवलंय. सरदार होता तो, दोन्हीकडं हात ठेवून होता. त्याचं कौतुक बाजूला ठेवा. बघायचं ते असं की व्याज मागातून निघत होतं. विणकर धोटा मारत होता म्हणून भिक्खूच्या अंगावर कापड येत होतं. इचलकरंजीत रात्रपाळी करणारा यंत्रमाग कामगार हा लेख आपल्यापेक्षा लवकर समजेल. एक माणूस शांत बसतो तेव्हा दुसरं कुणीतरी राबत असतं. म्हणून बसणाऱ्यावर देणं लागतं. भिक्खूनं ते देणं धम्म सांगून फेडायचं होतं. जिथं ते फिटत नाही तिथं बसणं म्हणजे फुकटचं खाणं.

आता भांडणाची गोष्ट. कोसंबीच्या भिक्खूसंघात दोन गट पडले. अट्ठकथा सांगते, कारण होतं शौचाच्या भांड्यात राहिलेलं पाणी! एक विनयाचा जाणकार, दुसरा धम्माचा जाणकार, आणि दोघांच्या मागं शिष्यांची फौज. बुद्धानं समजावलं. ते म्हणाले, भगवंतांनी आराम करावा, आमचं आम्ही बघतो. शेवटी बुद्ध एकटा निघून पारिलेय्यकच्या वनात गेला. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केलं? भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करायचं बंद केलं, भिक्षा वाढायची बंद केली. पोटाला चिमटा बसला तसे दोन्ही गट श्रावस्तीला जाऊन बुद्धापुढं उभे राहिले आणि भांडण मिटवलं.

दोस्तहो, ही गोष्ट वाचून मला आपलाच इतिहास दिसतो. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्याचे गट पडले. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली, १९७४ ला फुटली. फुटीची राजकीय कारणं होती, ती नाकारून चालणार नाही. पण मी, मोठा, माझा अपमान, माझी खुर्ची हीही कारणं होती. ती जाहीरनाम्यात येत नाहीत. राग हे आपलं भांडवल आहे, खरंय. तोच राग घरात बायकोवर निघतो, बैठकीत सोबत्यावर निघतो, रात्री बाटलीत बुडतो. असे किती चांगले कार्यकर्ते आपण पन्नाशीच्या आत पोचवले? त्या रागाकडं नीट बघायची जागा आपण कुठं ठेवली होती?

बाबासाहेबांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं मांडलेला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत ते विचारतात की भिक्खू कशासाठी, स्वतः पूर्ण होण्यासाठी की लोकांच्या सेवेसाठी? नुसताच पूर्ण झालेला भिक्खू त्यांना धम्माच्या कामाचा वाटत नव्हता. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा काढली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली आणि त्रेपन्न दिवसांनी गेले. लाखो माणसं बौद्ध झाली आणि शिकवणारा माणूस नाही! विहार म्हणजे समाजमंदिराची एक खोली. भिक्खू दुर्मीळ. तरी आपल्या लोकांनी धम्म टिकवला. महासभेनं दहा-दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं घेतली. गवंडी, शिपाई, शेतमजूर डोकं भादरून चीवर घालून बसले आणि अकराव्या दिवशी पुन्हा कामावर गेले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांचा ग्रंथ वाचायची चाल पडली. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाया रात्री विहारात वाचन ऐकायला बसतात, हा वर्षावासच आहे. डोंगरातला भिक्खूंचा वर्षावास वस्तीत उपासकांचा झाला.

मग शिबिराच्या कायमच्या जागा उभ्या राहिल्या. १९६९ मध्ये सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन मुंबईत आले. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. संघरक्षितांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७८ मध्ये पुण्यात राहायला आले आणि आपल्याच वस्त्यांतून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण उभा राहिला. २०१० पासून त्याचं नाव त्रिरत्न बौद्ध महासंघ. त्यांचं शिबिरस्थान भाजे लेण्यांच्या पायथ्याशी आहे. आणि आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात, आळत्याला, रामलिंग रस्त्यावर 'धम्मालय' हे विपश्यना केंद्र आहे. ज्या आळत्याचं नाव पोहाळ्याला लागलंय, तेच आळते. आणि ज्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, शाहू महाराज ज्या परिषदेला आले, ते माणगावही ह्याच हातकणंगले तालुक्यात. बसायची जागा आणि उठायची जागा एकाच तालुक्यात आहेत. मधलं अंतर आपण चालतो का, एवढाच प्रश्न आहे.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात काय असतं ते सांगतो. पहाटे चारला घंटा. साडेचारला बैठक. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकाला चहा, चुरमुरे, फळ. रात्री प्रवचन, नऊ-साडेनऊला अंथरूण. फोन, वही, पुस्तक जमा. फी नाही, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर चालतं. स्वयंपाकघरात, वाढपात जुने साधक विनामोबदला राबतात. पहिले तीन दिवस श्वास बघायचा, नंतर अंगावरच्या संवेदना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघे बोंबलतात आणि मनातून जुनी माणसं उठून यायला लागतात. मास्तर, सावकार, बाप. त्यांना उत्तर द्यायचं नाही. राग छातीत कुठं धरतो, किती वेळ टिकतो आणि कसा उतरतो, एवढं बघायचं. ह्यात चमत्कार काही नाही. पण जन्मभर ज्या रागानं आपल्याला ओढत नेलं, तो उतरतो हे स्वतःच्या अंगावर कळणं ही लहान गोष्ट नाही.

माझ्या ओळखीतल्या एक मावशी, जन्म उसाच्या फडात गेलेल्या, शिबिराहून आल्यावर म्हणाल्या, "धा दिस मला कुणी हाक मारली न्हाई बघ. ये म्हणून न्हाई, अगं म्हणून न्हाई. बसल्या जागी ताट मिळालं. एवढं रडू आलं, पर गप रडले." चाळीस वर्षं इतरांना रांधून घातलेल्या बाईला आयतं ताट मिळणं, ह्यालाही मी धम्मच म्हणतो.

दुसरी बाजूही सांगतो. मी एका शिबिरात बसलो होतो. जागेचं नाव घेत नाही, कारण हे कुठंही होऊ शकतं. नऊ दिवस मौन. मौनात आडनाव विचारता येत नाही. रांगेत पुढं कोण, मागं कोण, कुणाला पत्ता नाही. प्रत्येकानं आपापलं ताट घासलं. गावात पहिला प्रश्न आडनावाचा असतो, तो नऊ दिवस बंद होता. दहाव्या दिवशी मौन सुटलं. शेजारी बसणारे एक गृहस्थ हसून जवळ आले. पहिलं वाक्य, "छान झालं नाही? आपलं आडनाव काय?" मी सांगितलं. ते "हो का" म्हणाले आणि दुसऱ्या घोळक्यात गेले. श्वास त्यांनीही माझ्याएवढाच बघितला होता. नुसत्या डोळं मिटण्यानं जात जात नाही. तिच्यासाठी डोळे उघडून वेगळं काम करावं लागतं, आणि ते काम आपल्या शिबिरवाल्या मित्रांनी आमच्यावर ढकलू नये.

म्हणून शेवटी पवारणेबद्दल सांगतो. तीन महिने संपले की वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघापुढं हात जोडून म्हणायचा, माझ्याबद्दल तुम्ही काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा, मी सुधारेन. थोरातला थोर भिक्खूही ह्यातून सुटत नव्हता. तीन महिन्यांच्या ध्यानाची परीक्षा ती. ऐकून घेता येतं का?

आपण आषाढी पौर्णिमा धरतो, ग्रंथ वाचतो, आश्विन पौर्णिमेला समारोप करतो, खीर वाटतो. पवारणा तेवढी विसरलो. येत्या आश्विन पौर्णिमेला आपापल्या विहारात ती करून बघा. अध्यक्षानं आधी उभं राहावं, मग सेक्रेटरीनं, मग खजिनदारानं वर्गणीची वही घेऊन. भाषण करायचं नाही. हात जोडून विचारायचं आणि ऐकायचं. मागं बसलेल्या बायांना आधी बोलू द्या. ज्यांना शिबिरात बसून काही मिळालंय त्यांनी त्या दिवशी पुढं यावं, कारण त्यांना ऐकायची सवय झालेली असेल. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून गायरानाच्या तारखेला जावं.

जयभीम.