दूरध्वनीवरील शब्द आणि परदेशी न्यायतत्त्व

व्यापार शब्दावर चालतो, ही वाडवडिलांची शिकवण. परंतु दूरध्वनीवर दिलेला शब्द कोणत्या गावी दिला गेला, असा प्रश्न उद्भवला तेव्हा भारतीय न्यायमूर्तींना इंग्लंडमधील निवाड्यांकडे पाहावे लागले. तो इतिहास व्यापारी बांधवांस उद्बोधक वाटेल.

इंग्लंडमध्ये १८१८ साली लोकरीच्या एका सौद्यावरून असा नियम रूढ झाला की, स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच करार पूर्ण होतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४ मध्येही स्वीकृती रवाना होताच प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. टेलिफोनचा शोध मात्र १८७६ चा. कायद्यात त्याचा उल्लेख असणे शक्यच नव्हते.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीकडे ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीची मागणी केली. खामगावहून होकार मिळाला. पुढे माल न मिळाल्याची तक्रार करून पेढीने अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. होकार खामगावी दिला, म्हणून दावाही तेथेच चालावा, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. प्रश्न किरकोळ नव्हता. परगावच्या कोर्टाचे हेलपाटे घालताना लहान व्यापाऱ्याचा पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात.

सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९६५ रोजी निर्णय दिला. न्या. जे. सी. शहा व न्या. वांछू यांनी १९५५ च्या एका इंग्लिश निवाड्याचे तत्त्व स्वीकारले. लंडन व ॲम्स्टरडॅम येथील पेढ्यांच्या टेलेक्सवरील त्या सौद्यात न्या. डेनिंग यांनी म्हटले होते की, तत्क्षणी होणाऱ्या संभाषणात होकार जेथे पोहोचतो तेथे करार होतो. त्यानुसार अहमदाबादचे कोर्ट योग्य ठरले. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. कलम ४ चे शब्द टेलिफोनलाही लागू पडतात, म्हणून करार खामगावीच झाला, असा त्यांचा विचार होता.

आपला कायदा जेथे मौन आहे तेथे परदेशी तत्त्व पारखून घ्यावे. जेथे तो बोलतो तेथे त्याचेच ऐकावे. मतभेद होता तो या प्रसंगी कायदा मौन आहे की नाही, एवढाच. पुढे इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या स्थळाविषयी संसदेने २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्वतंत्र नियम केला.

बिलाखाली न्यायक्षेत्राची जी बारीक ओळ आपण छापतो, तिचे मोल या खटल्यावरून ध्यानी यावे.