सुरक्षायंत्रणेतील दोषाची वर्दी

अणुवीज केंद्रात एखादी झडप अडकली किंवा आणीबाणीचा पंप वेळेवर सुरू झाला नाही, तर कोणालाही इजा झाली नसली तरी अशा गंभीर बिघाडाची वर्दी नियामक संस्थेला देणे केंद्रचालकावर बंधनकारक असते. मात्र वर्दी पोहोचणे आणि तिचा अर्थ समजणे यांत केवढे अंतर पडू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले.

२४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अणुभट्टीचा दाब कमी करणारी झडप उघडली, ती मिटलीच नाही. शीतक पाणी बाहेर जाऊ लागले. दाब उतरताच भट्टीच्या नळ्यांतील पाणी उकळू लागले आणि वाफेच्या बुडबुड्यांनी उरलेले पाणी दाबनियंत्रक टाकीत वर ढकलले. परिणामी टाकीतील पातळी वाढत होती आणि एकंदर पाणी घटत होते. पातळी पाहून यंत्रणा भरली असे समजलेल्या चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा पुरवठा थांबविला. सुमारे वीस मिनिटांनी खरा प्रकार लक्षात आला आणि पुढची अडसर-झडप बंद करण्यात आली. भट्टी त्या वेळी अवघ्या ९ टक्के क्षमतेने चालू असल्याने हानी झाली नाही.

घटनेची नोंद झाली. पण लक्ष गेले ते बिघडलेल्या झडपेकडे; पाणी तोडणारा निर्णय मागे पडला. भट्टी बनविणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतील केली या अभियंत्याने नोव्हेंबरमध्ये हा धोका लेखी मांडला. फेब्रुवारी १९७८ मध्ये बर्ट डन यांनी अधिक स्पष्ट शब्दांत बजावले की, हीच घटना पूर्ण क्षमतेच्या भट्टीत घडली असती तर इंधन उघडे पडून त्याची हानी होण्याची शक्यता होती. पाणी केव्हा थांबवावे याची नेमकी सूचना सर्व ग्राहक केंद्रांना द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या विभागाने एक तांत्रिक शंका काढली. तिचे निरसन रेंगाळले आणि सूचना निघालीच नाही. कागद कोणी दडविला नव्हता. तो केवळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जायचा राहिला होता. नियामक आयोगाचे निरीक्षक जेम्स क्रेसवेल हेही डेव्हिस-बेसीविषयी वरिष्ठांकडे पाठपुरावा करीत होते. अखेर दोन आयुक्तांची भेट त्यांना मिळाली, ती २२ मार्च १९७९ रोजी.

सहा दिवसांनी, २८ मार्चच्या पहाटे, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत तशीच झडप उघडी राहिली. भट्टी ९७ टक्के क्षमतेने चालू होती. नियंत्रण कक्षातील दिवा झडप मिटण्याचा आदेश गेल्याचे दाखवी, ती मिटली की नाही हे दाखवीत नसे. येथेही चालकांनी टाकीची पातळी पाहून पाणी कमी केले. अडसर-झडप बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ लोटला होता. भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने आधीच्या घटनेचा धडा चालकांपर्यंत न पोहोचल्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर नियामक आयोगात घटनांच्या विश्लेषणासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख कार्लाइल मिचेलसन यांनी लहान गळतीत टाकीची पातळी फसवी ठरू शकते, हे अपघातापूर्वीच लिहून ठेवले होते. आज अमेरिकेत घटनेच्या गांभीर्यानुसार एक, चार किंवा आठ तासांत दूरध्वनीने कळवावे लागते आणि सविस्तर लेखी अहवालासाठी साठ दिवसांची मुदत असते. दोष उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यावर सूड उगवण्यास कायद्याने मनाई आहे.

भारतात ही देखरेख १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. तारापूर व गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेले कैगा केंद्र त्याच्याच कक्षेत येतात. केंद्रांतील महत्त्वाच्या घटनांचा आढावा आणि आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवरील त्यांचा क्रम मंडळाच्या वार्षिक अहवालात वाचावयास मिळतो.